जमिनीचा कागद आणि देहाचा कागद : रुग्णाच्या नोंदीवर हक्क कोणाचा?

🧵 कर्जखत, प्लेगची झडती, केस पेपर आणि 'आभा' क्रमांक यांना जोडणारा एक प्रश्न.

१.
१२ मे १८७५. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. लूट झाली, परंतु जमावाचा मुख्य शोध कर्जखतांचा, गहाणखतांचा आणि खातेवह्यांचा होता. कागद हाती लागला की त्याची होळी केली जाई. 'दख्खनचे दंगे' या नावाने ओळखला जाणारा हा उठाव पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने स्वाधीन केले, तेथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही.

२.
रोष कागदावर का निघाला? कारण ज्याच्या आयुष्याची नोंद त्या कागदात होती, त्याला तो वाचता येत नव्हता आणि तो त्याच्या घरीही नव्हता. कुणबी नांगराची निशाणी करी. मजकूर सावकाराचा, वही सावकाराची, पेटीची किल्लीही सावकाराचीच. फेडलेल्या पैशाची पावती मिळेलच याची शाश्वती नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानंतर खते दर काही वर्षांनी नव्याने लिहून घेतली जात, आणि प्रत्येक वेळी व्याज मुद्दलात मिसळून आकडा फुगत जाई.

३.
शेजारच्या इंदापूर तालुक्याने सरकारी कागदाचा अनुभव त्याआधीच घेतला होता. प्रिंगल याच्या मोजणीने १८३० च्या सुमारास जो सारा ठरवला तो इतका जड झाला की अनेक रयत गाव सोडून निजामाच्या मुलखात निघून गेली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी हाती घेतली आणि १८३६ मध्ये मुंबई इलाख्यातील तीस वर्षांची पहिली जमाबंदी याच तालुक्यात लागू झाली. चुकीची नोंद गाव उठवू शकते, हे इंदापूरने फार लवकर पाहिले.

४.
सुप्याच्या उठावानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला. त्याच्या उणिवांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यातील तीन तरतुदींकडे सहसा लक्ष जात नाही. पैसे भरल्यावर कुळाला पावती मागता येईल. वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मागता येईल. आणि देणेघेणे पासबुकात लिहून ते स्वतःजवळ बाळगता येईल. ज्याच्याविषयी नोंद आहे त्याला ती पाहण्याचा व तिची प्रत मिळण्याचा हक्क आहे, हे तत्त्व पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या बाबतीत कायद्याने १८७९ मध्ये मान्य केले.

५.
आता त्याच मुलखातील दुसरा कागद पाहू. इंदापूर तालुक्यातील बावडा हे गाव इंदापूर–अकलूज रस्त्यावर आहे. नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. अशा सीमेवरच्या गावातील रुग्णाचे उपचार एकाच ठिकाणी होतील असे नाही : ताप गावात, सोनोग्राफी तालुक्याला, शस्त्रक्रिया अकलूजला, बारामतीला किंवा पुण्याला. त्याचा सगळा वैद्यकीय इतिहास प्लास्टिकच्या एका पिशवीत असतो : केस पेपर, रक्ताचे अहवाल, एक्स-रे. उरलेला भाग रुग्णालयांच्या कपाटांत आणि संगणकांत. हा कागद कोणी लिहायचा, कोणी ठेवायचा आणि कोणी वाचायचा?

६.
वैद्याने गुप्तता पाळावी, ही अपेक्षा जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना जे नियम सांगितले आहेत, त्यांत रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत असा स्पष्ट दंडक आहे. ग्रीक परंपरेतील हिप्पोक्रेटिसच्या शपथेतही तसाच नियम सापडतो. दोन्हींत एक गोष्ट समान आहे : गुप्तता हे वैद्याचे कर्तव्य आहे. तो रुग्णाचा हक्क आहे, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. गावचा वैद्य फारसे लिहून ठेवत नसे, तोवर हा भेद कोणाला जाणवलाही नसेल.

७.
एकोणिसाव्या शतकात सरकार देहाचीही नोंद ठेवू लागले. गावकामगारांकडून जन्म आणि मृत्यू नोंदवले जाऊ लागले. मृत्यूपुढे कारण लिहिले जाई : पटकी, देवी, ताप. महाराष्ट्रात अशा जुन्या वह्या 'कोतवाल बुक' किंवा 'गाव नमुना १४' या नावांनी परिचित आहेत. देवीच्या लसीची नोंद होई, आणि १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याखाली शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नावनोंदणी व सक्तीची तपासणी होई. या वह्यांचा वाचक एकच होता : सरकार.

८.
या व्यवस्थेची कसोटी प्लेगने घेतली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. ऑक्टोबरच्या आरंभी महापालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा आदेश काढला. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. मुंबईत प्लेगने मृत्यू झालेल्या घरांच्या भिंतींवर वर्तुळाकार खुणा रंगवल्या जात. एका कुटुंबाचे आजारपण साऱ्या गल्लीला वाचता येईल अशा तऱ्हेने दारावर लिहिले गेले.

९.
४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघरी झडती घेऊ लागल्या. प्लेगच्या गाठी काखेत आणि जांघेत येतात. म्हणून तपासणी तेथेच व्हायची. माजघरात आणि देवघरात बूट घालून शिरणे, सामान रस्त्यावर फेकणे, स्त्री-पुरुषांना चारचौघांत तपासणे, अशा तक्रारींनी 'केसरी', 'मराठा' आणि 'सुधारक' यांचे अंक भरले. समितीने आपले वर्तन शिस्तीचे होते असा दावा केला.

१०.
साथ खरी होती आणि माणसे मरत होती, हे विसरता येत नाही. रुग्ण शोधणे आणि वेगळे ठेवणे आवश्यकच होते. त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होते. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचा त्याच रोगाने मृत्यू झाला. एकाच शहरात, एकाच महिन्यात, रुग्णाकडे पोहोचण्याच्या दोन रीती दिसतात. एका रीतीत रुग्ण शुश्रूषेसाठी आणला जाई. दुसरीत तो घराच्या कोपऱ्यातून शोधून काढला जाई.

११.
सक्तीचा परिणाम काय झाला? लोक आजारी माणसे लपवू लागले. मृत्यूची वर्दी टाळली जाऊ लागली, प्रेते गुपचूप पुरली वा जाळली जाऊ लागली. नोंद झाली की माणूस छावणीत आणि घर सरकारच्या ताब्यात, हे समीकरण ठरल्यावर खरी माहिती देण्यात शहाणपण उरले नाही. म्हणजे ज्या आकड्यांसाठी खाजगीपण मोडले, ते आकडेच अविश्वसनीय झाले. साथीच्या व्यवस्थापनाचा हा धडा सरकारला महागात पडला.

१२.
२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच मरण पावला आणि रँड ३ जुलै रोजी. पुढची कथा, म्हणजे टिळकांवरील राजद्रोहाचा खटला आणि चापेकरांना झालेली फाशी, सर्वपरिचित आहे. त्या वर्षातील दुसरी एक घटना मात्र प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळची आहे.

१३.
गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांकडून स्त्रियांची विटंबना झाल्याचे जाहीर केले. परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करण्याचे त्यांनी टाळले, आरोप सिद्ध करता आले नाहीत, आणि त्याच वर्षी त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यावरून त्यांची खूप हेटाळणी झाली. पण मूळ पेच गोखल्यांचा एकट्याचा नव्हता. अब्रू गेल्याची तक्रार नोंदवायची तर नाव सांगून ती दुसऱ्यांदा घालवावी लागे. नाव न सांगता न्याय मागण्याची सोय त्या काळात नव्हती.

१४.
मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली. त्यानंतर सक्तीच्या झडत्या, सक्तीचे विलगीकरण ही धोरणे हळूहळू सैल होत गेली. स्थानिक पुढाऱ्यांच्या आणि देशी डॉक्टरांच्या मदतीने काम करण्यावर भर आला. परंतु साथरोग कायदा मात्र तसाच राहिला. त्यात सरकारचे अधिकार होते. रुग्णाच्या माहितीचे पुढे काय करायचे याविषयी एक ओळही नव्हती.

१५.
नव्वद वर्षांनी, इंदापूरच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, वेगळाच प्रयोग झाला. १९८७ मध्ये बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. ग्रामीण रुग्ण रुग्णालयात येतच नाही, म्हणून डॉ. कस्तुरी जयंत यांच्या मार्गदर्शनाखाली कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. त्यांनी आधी लक्षणे समजावून सांगितली, सभा घेतल्या, संशयित रुग्णाला तपासणीसाठी येण्यास राजी केले. नोंद त्यानंतर झाली. प्रसिद्ध होतात ते एकूण आकडे, व्यक्तीची नावे नव्हेत. कर्करोगाचे नाव उच्चारायलाही लोक कचरत त्या काळात, त्या मुलखात, सक्तीवाचून ही नोंद उभी राहिली.

१६.
रुग्णाला स्वतःचा कागद मिळण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, महाराष्ट्र वैद्यक परिषदेशी संबंधित खटल्यात न्यायालयाने सांगितले की रुग्णाच्या नोंदी रुग्णालाच नाकारण्यासाठी रुग्णालयाला गुप्ततेची सबब पुढे करता येणार नाही. शुल्क घेऊन प्रती द्याव्या लागतील. गुप्तता रुग्णाच्या रक्षणासाठी असते. ती रुग्णाविरुद्ध वापरता येत नाही. सुप्याच्या कुळाला हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला १८७९ मध्ये. देहाच्या हिशेबासाठी आणखी ११७ वर्षे जावी लागली.

१७.
पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, त्याच न्यायालयात एक कामगार 'एम एक्स' या नावाने उभा राहिला. एचआयव्हीची बाधा असल्याचे तपासणीत आढळल्याने एका सार्वजनिक उपक्रमाने त्याला काम नाकारले होते. न्यायालयाने त्याला खरे नाव झाकून दाद मागू दिली. प्रतिपक्षही 'झेड वाय' या अक्षरांनीच ओळखला गेला. काम करण्यास सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. १८९७ मध्ये गोखल्यांसमोर जो पेच होता, त्याला याच प्रांताच्या न्यायालयाने बरोबर शंभर वर्षांनी वाट काढून दिली.

१८.
गुप्ततेला मर्यादा आहेत काय? १९९८ मध्ये 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने होय म्हटले : नियोजित वधूच्या जीविताचा प्रश्न असताना वराच्या बाधेची माहिती उघड होणे हा गुप्ततेचा भंग ठरत नाही. त्याच निकालात बाधित व्यक्तीच्या विवाहाच्या हक्कावर जी भाष्ये झाली, ती अनावश्यक होती असे न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. पुढे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमती, गुप्तता आणि उघड करण्याचे मोजके अपवाद लेखी स्वरूपात बांधून दिले. नाव झाकून खटला चालवण्याची सोयही त्या कायद्यात आली.

१९.
सर्वसाधारण रुग्णासाठी महत्त्वाचा टप्पा २००२ चा. भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेनुसार, डॉक्टरने दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपल्या पाहिजेत आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांच्या आत दिल्या पाहिजेत. महाराष्ट्रात २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत रुग्ण हक्कांची सनद जोडली गेली. दवाखान्यात ती दर्शनी भागात लावलेली असणे अपेक्षित आहे. अनेक रुग्णांना तिची माहितीच नसते, आणि न मागितलेला हक्क कागदावरच राहतो.

२०.
२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात वैद्यकीय नोंदींचे उदाहरण येते : रुग्णालयाला दिलेली माहिती परवानगीवाचून इतरांना देणे हा खाजगीपणाचा भंग होय, मात्र साथीचा अभ्यास करण्यासाठी सरकारला नावे वगळून ही माहिती तपासता येईल. १८९७ मध्ये साथ आणि अब्रू यांपैकी एकच वाचवता येईल असे गृहीत धरले गेले होते. या परिच्छेदात दोन्ही वाचवण्याची रीत सांगितली आहे.

२१.
तरीही मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला आणि घरी विलग राहण्यास सांगितलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर शिक्के मारण्यात आले. मुंबईच्या भिंतीवरील वर्तुळ आणि हातावरचा शिक्का यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. हेतू बदलला, औषधशास्त्र बदलले, राज्यकर्ते बदलले. माहिती रुग्णाच्या देहावर लिहून इतरांना वाचायला देण्याची सवय मात्र टिकून राहिली.

२२.
आजचा कागद संगणकात आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात व्यक्तीला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो; नोंदी त्या त्या रुग्णालयाकडे राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. बावड्याच्या रुग्णाची पिशवी हलकी करणारी ही रचना आहे. पण संमती बहुधा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने दिली जाते. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो मुलाच्या वा नवऱ्याच्या खिशात आहे, तेथे स्त्रीच्या नोंदीची किल्ली कोणाकडे जाते? सावकाराच्या पेटीचा प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहतो.

२३.
कायद्याचे काय? २०१८ च्या 'दिशा' या मसुद्यात डिजिटल आरोग्य माहिती व्यक्तीच्या मालकीची मानली होती. त्याचा कायदा झाला नाही. त्याच वर्षी न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने आरोग्याच्या माहितीला 'संवेदनशील' वर्गात ठेवून अधिक संरक्षण सुचवले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र असा वेगळा वर्ग उरला नाही. माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात आहे. पण रक्ताचा अहवाल आणि खरेदीची पावती यांत कायदा भेद करीत नाही.

२४.
नोंद गळण्याइतकीच नोंद नसणेही घातक असते. इंदापूर-बारामतीच्या उसाच्या फडांत दर हंगामात मराठवाड्यातून तोडणी कामगार येतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शस्त्रक्रिया का झाली, तिची गरज होती काय, हे तपासायचे तर कागद हवा. टोळीबरोबर फडाफडांतून हिंडणाऱ्या स्त्रीकडे तो असतोच असे नाही. ज्या देहावर शस्त्रक्रिया झाली, त्याच्याच हाती तिचा पुरावा नसेल, तर गुप्ततेचे संरक्षण तिच्या काय कामाचे?

२५.
आणखी एक इशारा कोतवाल बुकातून मिळतो. जन्म-मृत्यू मोजण्यासाठी लिहिलेल्या त्या वह्या २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधण्यासाठी उघडल्या गेल्या. त्या मागणीच्या बऱ्यावाईटाचा येथे प्रश्न नाही. वही लिहिणाऱ्या कोतवालाला हा उपयोग स्वप्नातही सुचला नसेल, एवढेच ध्यानात घ्यावे. आज 'आभा'त जमा होणारी नोंद शंभर वर्षांनी कोण, कशासाठी उघडेल, हे आज कोणीही सांगू शकत नाही. म्हणून नोंद करतानाच तिचा हेतू लिहून ठेवणे, आणि हेतू बदलला तर पुन्हा विचारणे, आवश्यक ठरते.

२६.
सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, पण जाळून कर्ज फिटले नाही. दिलासा मिळाला तो पावती, उतारा आणि पासबुक यांमुळे. रुग्णाला हवे आहे तेही याहून फार निराळे नाही. काय तपासले याची पावती : प्रत्येक चाचणीचा अहवाल हातात. काय लिहिले याचा उतारा : मागितल्यावर ७२ तासांत. आणि पासबुक : आपली नोंद कोणी, केव्हा, कशासाठी पाहिली याचा हिशेब. यांतील पहिल्या दोन गोष्टी मागण्याचा हक्क बावड्याच्या रुग्णाला आजही आहे. पुढच्या वेळी घरातील कोणी रुग्णालयातून सुटी घेऊन निघाले, की बिलाबरोबर संपूर्ण केस पेपरची प्रत लेखी अर्ज करून मागावी. तिसरी गोष्ट अजून मिळवायची आहे.

(धागा समाप्त)